एकाच ओळीवर दोन हात: मर्ज कॉन्फ्लिक्ट आणि तो सोडवण्याची साधने

एकाच फाइलच्या एकाच जागी दोघांनी वेगवेगळे बदल केले, की ते एकत्र करताना व्हर्जन कंट्रोल प्रणाली मध्येच थांबते आणि कोणता बदल ठेवायचा हा निर्णय माणसावर सोपवते. या थांबण्याला मर्ज कॉन्फ्लिक्ट म्हणतात. पडद्यावर पहिल्यांदा ही सूचना उमटली, की नवखा प्रोग्रामर धास्तावतो. खरे तर त्या क्षणी काहीही हरवलेले नसते. दोन्ही बदल आपापल्या ब्रँचवर कमिटच्या रूपात शाबूत असतात आणि गिट या प्रणालीत ‘गिट मर्ज’ला ‘अबॉर्ट’चा पर्याय जोडून आज्ञा दिली, की फाइली मर्जपूर्वीच्या स्थितीत परत येतात. मात्र मर्जला हात घालण्यापूर्वी स्वतःचे अर्धवट काम कमिट करून ठेवलेले असावे. कमिट न केलेले बदल जसेच्या तसे परत मिळतील याची हमी गिट देत नाही.

सुरुवातीच्या प्रणालींत हा प्रश्न फारसा उद्भवत नसे. मार्क रॉचकाइंड यांनी १९७२ साली बेल लॅब्जमध्ये एससीसीएस लिहिली आणि वॉल्टर टिची यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला पर्ड्यू विद्यापीठात आरसीएस. दोन्हींत कुलुपाची पद्धत होती. फाइल बदलायची तर आधी ती आपल्या नावावर कुलूपबंद करून घ्यायची, काम झाले की सोडायची. तोवर बाकीच्यांनी फक्त वाचायची. कुलूप लावून एखादा रजेवर गेला, की सगळ्यांचे काम अडे. ॲमस्टरडॅमच्या फ्रीये विद्यापीठातील डिक ग्रून यांना आपल्या दोन विद्यार्थ्यांबरोबर एका सी कंपायलरवर काम करायचे होते आणि तिघांच्या वेळा काही केल्या जुळेनात. त्यांनी आरसीएसवर चढवलेल्या काही शेल स्क्रिप्ट लिहिल्या. १९८६ साली त्या जाहीर झाल्या आणि त्यांतूनच पुढे सीव्हीएस ही प्रणाली जगभर पसरली. कुलूप गेले. प्रत्येकाने आपली प्रत घ्यावी, हवे ते बदलावे आणि शेवटी जुळवून घ्यावे, अशी रीत पडली. आणि जुळवून घेणे आले तिथे न जुळणेही आले. २००५ साली लिनस टोरव्हाल्ड्स यांनी लिनक्स कर्नलसाठी गिट लिहिले, तेव्हापासून ब्रँच काढणे इतके सोपे झाले, की मर्ज ही रोजची बाब होऊन बसली. पुढचे विवेचन म्हणूनच मुख्यतः गिटला धरून आहे.

दोन फाइलींतला फरक काढण्याचे तंत्र याहून जुने. डग्लस मॅकिलरॉय यांचा ‘डिफ’ १९७४ साली युनिक्सच्या पाचव्या आवृत्तीबरोबर आला. पण मर्जसाठी दोन फाइलींची तुलना पुरत नाही. एका प्रतीत एक ओळ आहे आणि दुसरीत ती नाही, एवढ्यावरून ती ओळ पहिल्याने घातली की दुसऱ्याने काढली, हे कळायला मार्ग नसतो. त्यासाठी तिसरी प्रत लागते: दोन्ही ब्रँच जिथून फुटल्या ती मूळ आवृत्ती. गिटमध्ये तिला मर्ज बेस म्हणतात. १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत आलेला ‘डिफ३’ हा प्रोग्राम या तीन प्रतींवर चालतो आणि आजची बहुतेक साधने त्याच विचारावर उभी आहेत. मुळापासून डावीकडे काय बदलले आणि मुळापासून उजवीकडे काय बदलले, हे आधी वेगवेगळे पाहायचे. एखादा भाग एकाच बाजूने बदलला असेल तर तो बदल घ्यायचा. दोन्ही बाजूंनी अगदी तोच बदल केला असेल तर तो एकदाच घ्यायचा. दोघांनी तोच भाग वेगवेगळा बदलला असेल तर थांबायचे. गिट लगतच्या ओळींबाबतही सावध असते. एकाने दहावी आणि दुसऱ्याने अकरावी ओळ बदलली तरी ते कॉन्फ्लिक्ट दाखवते.

मूळ आवृत्ती शोधणे नेहमी सरळ नसते. दोन ब्रँच एकमेकींत आडव्या-उभ्या मर्ज झाल्या असतील, तर समान पूर्वज एकाहून अधिक निघतात. अशा वेळी गिट त्या पूर्वजांचाच आधी आपापसांत मर्ज करून एक आभासी मूळ तयार करते आणि मग पुढचे काम करते. हे काम पूर्वी ‘रिकर्सिव्ह’ नावाची पद्धत करत असे. एलायजा न्यूरेन यांनी ती नव्याने लिहिली आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये आलेल्या २.३४ या आवृत्तीपासून ‘ऑर्ट’ ही नवी पद्धत मुळातच लागू झाली. नावे बदललेल्या फाइली ओळखण्यात ती पुष्कळ वेगवान आहे. वापरणाऱ्याला मात्र हा बदल सहसा जाणवतही नाही.

कॉन्फ्लिक्ट आला की गिट त्या फाइलीतच खुणा घालते. एका वाचनालयाच्या नियमांची फाइल घेऊ. मुळात वर्गणी दरमहा १०० रुपये होती. एका ब्रँचवर कुणी ती १२० केली. दुसऱ्या ब्रँचवर कुणी वर्गणी दर तीन महिन्यांनी घ्यायचे ठरवून तिथे ३०० लिहिले. मर्ज केल्यावर फाइल अशी दिसते:

<<<<<<< हेड
वर्गणी: दरमहा १२० रुपये
=======
वर्गणी: तिमाही ३०० रुपये
>>>>>>> तिमाही-वर्गणी

प्रत्येक खुणेत सात चिन्हे असतात. वरचा भाग ज्या ब्रँचवर उभे राहून मर्ज केला तिचा, खालचा येणाऱ्या ब्रँचचा. या दोन ओळी कितीही वेळा वाचल्या तरी बरोबर उत्तर सापडत नाही. १२० ठेवावे की ३००? की दोन्ही ओळी ठेवून सभासदाला निवड द्यावी? गिटच्या ‘मर्ज कॉन्फ्लिक्टस्टाइल’ या सेटिंगला ‘डिफ३’ ही किंमत दिली, की याच खुणा एका जास्तीच्या भागासह येतात:

<<<<<<< हेड
वर्गणी: दरमहा १२० रुपये
||||||| मूळ
वर्गणी: दरमहा १०० रुपये
=======
वर्गणी: तिमाही ३०० रुपये
>>>>>>> तिमाही-वर्गणी

आता दोघांचे हेतू उघडे पडतात. एकाला दर वाढवायचा होता, दुसऱ्याला मुदत बदलायची होती. दोन्ही हेतू पाळणारी ओळ ‘तिमाही ३६० रुपये’ ही आहे, आणि ती दोघांपैकी कुणीच लिहिलेली नाही. ‘माझे घ्या’, ‘त्यांचे घ्या’ किंवा ‘दोन्ही घ्या’ यांपैकी कोणतेही बटण दाबून हे ३६० मिळणार नाहीत. कॉन्फ्लिक्ट सोडवण्याचे सगळे कसब या एका गोष्टीत आहे, आणि म्हणून कोणतेही साधन जोखताना पहिला प्रश्न असा विचारावा की ते मूळ आवृत्ती दाखवते का, आणि कुठे. हे सेटिंग मुळातच चालू का नसते, असे वाटणे साहजिक आहे. न जाणणाऱ्याला जास्तीचा भाग गोंधळात टाकतो, एवढेच त्याचे समर्थन देता येते. जानेवारी २०२२ मध्ये आलेल्या २.३५ या आवृत्तीत ‘झेडडिफ३’ ही सुधारित रीत मिळाली. दोन्ही बाजूंनी सारख्याच घातलेल्या ओळी कॉन्फ्लिक्टच्या सुरुवातीला किंवा शेवटी असतील तर त्या ती खुणांच्या बाहेर काढते आणि उरलेला तंटा आटोपशीर दिसतो.

लहानसहान कॉन्फ्लिक्टसाठी एवढे पुरते. कोणत्याही एडिटरमध्ये फाइल उघडावी, खुणा काढून योग्य मजकूर लिहावा, ‘गिट ॲड’ करावे आणि कमिट करावे. फाइल मोठी असेल, कॉन्फ्लिक्ट दहा-वीस असतील, तर खिडक्यांची साधने उपयोगी पडतात. ‘गिट मर्जटूल’ ही आज्ञा दिली, की गिट प्रत्येक अडलेल्या फाइलीच्या तीन तात्पुरत्या प्रती काढते आणि त्या निवडलेल्या साधनाच्या हाती देते. या प्रतींची नावे लोकल, बेस आणि रिमोट. अंतिम फाइल ती मर्ज्ड. काम झाल्यावर जुन्या खुणांसकट एक ‘ओरिग’ शेपटाची फाइल मागे उरते. ती चुकून कमिट होण्याचे प्रकार बरेच घडतात. ‘कीपबॅकअप’ हे सेटिंग बंद केले की ती कटकट मिटते.

व्हिममधला ‘व्हिमडिफ’ या कामी चार खिडक्या उघडतो. वर लोकल, बेस, रिमोट अशा तिन्ही प्रती शेजारी शेजारी आणि खाली रुंद मर्ज्ड. एका फरकावरून पुढच्यावर उडी मारायला चौकटी कंसानंतर ‘सी’, आणि हवा तो तुकडा खाली ओढायला ‘डिफगेट’ या आज्ञेपुढे प्रतीचे नाव. माऊसविना, दूरच्या सर्व्हरवरसुद्धा तो चालतो. व्हिमची सवय असलेल्यांना दुसरे काही लागतच नाही. सवय नसलेल्यांनी घाईच्या वेळी त्याच्या वाटेला जाऊ नये. ईमॅक्सचे ‘ईडिफ’ आणि ‘एसमर्ज’ त्याच जातीचे: शिकायला वेळ, नंतर वेग.

केडिफ३ मूळ, आपली आणि त्यांची प्रत यांना ए, बी, सी अशी नावे देतो आणि खालच्या खिडकीत निकाल लिहितो. कंट्रोलबरोबर १, २ किंवा ३ दाबले की त्या त्या प्रतीतला तुकडा निकालात येतो. दोन बाजूंचे तुकडे हवे असतील तर ज्या क्रमाने कळा दाबल्या त्याच क्रमाने ते येतात. यादीत दोघांनी वेगवेगळी नोंद घातली असेल तेव्हा ही सोय फार कामाची ठरते. त्याचा चेहरा जुनाट वाटतो, पण माहिती दाखवण्यात तो कुठे कमी पडत नाही. परफोर्स कंपनीचे पी४मर्ज फुकट मिळते आणि मांडणी जवळपास तशीच ठेवते. वर तीन, खाली एक, आणि प्रत्येक आवृत्तीला वेगळा रंग.

मेल्ड दिसायला सर्वांत साधे. तीनच खिडक्या, डावी-उजवी दोघांची आणि मधली निकालाची. गिटमधून चालवले तर मधल्या खिडकीत सुरुवातीला मूळ आवृत्ती असते आणि तिच्यातच दोन्हीकडचे बदल बाणांनी ओढून घ्यायचे असतात. रचना सुटसुटीत आहे, पण तिची एक किंमत आहे: मधल्या खिडकीत बदल होत जातात तसतशी मूळ आवृत्ती पुसली जाते आणि अर्ध्या वाटेवर शंका आली तर ताडून पाहायला ती समोर उरत नाही. इंटेलिजे आयडियाची तीन खिडक्यांची मांडणी अशीच आहे. त्यात एकतर्फी बदल एका बटणाने घेता येतात, आणि जादूच्या कांडीचे बटण एकाच ओळीतल्या वेगवेगळ्या शब्दांचे साधे तंटे स्वतःच मिटवते.

व्हीएस कोडने वर्षानुवर्षे गिटच्या खुणांनाच रंग दिला आणि त्यांच्यावर ‘चालू बदल घ्या’, ‘येणारा बदल घ्या’, ‘दोन्ही घ्या’ अशा अर्थाचे दुवे टांगले. हाताशी असलेले हे दुवे बहुतेकांचे काम भागवतात आणि वर्गणीसारख्या प्रसंगी तेच सर्वाधिक फसवतात, कारण ‘डिफ३’ सेटिंग नसेल तर मूळ आवृत्ती त्यांत दिसत नाही. २०२२ साली त्यात खिडक्यांचा मर्ज एडिटर आला. त्यात येणारा बदल डावीकडे आणि आपला उजवीकडे असतो; इतर साधनांवरून आलेल्याने ही अदलाबदल ध्यानात ठेवावी. पैसे मोजायची तयारी असेल तर बियाँड कंपेअर आहे; तीन प्रतींचा मर्ज त्याच्या प्रो आवृत्तीत मिळतो. मॅकवर एक्सकोडबरोबर येणारे फाइलमर्ज अडीअडचणीला चालते.

साधन कोणतेही असो, ‘अवर्स’ आणि ‘देअर्स’ या दोन शब्दांचा घोळ सगळीकडे सारखाच आहे. मर्जमध्ये ‘अवर्स’ म्हणजे आपण उभे आहोत ती ब्रँच. रिबेसमध्ये मात्र गिट आधी दुसऱ्या ब्रँचच्या टोकावर जाऊन उभे राहते आणि तिथे आपले कमिट एकेक करून पुन्हा लावते. त्यामुळे तेव्हा ‘अवर्स’ ही दुसऱ्यांची बाजू होते आणि ‘देअर्स’ हे स्वतःचेच काम. घाईत ‘अवर्स’ निवडून दिवसभराची मेहनत पुसणारे थोडेथोडके नाहीत. दुसरा सापळा एका अक्षराचा. मोठ्या ‘एक्स’ने दिलेला ‘अवर्स’ फक्त कॉन्फ्लिक्टच्या जागी आपली बाजू घेतो आणि त्यांचे बाकीचे बदल येऊ देतो; लहान ‘एस’ने दिलेला ‘अवर्स’ त्यांचे सगळेच्या सगळे बदल टाकून देतो आणि इतिहासात मर्ज झाल्याची नोंद तेवढी करतो.

सगळे कॉन्फ्लिक्ट ओळींचे नसतात. एकाने फाइल काढून टाकली आणि दुसऱ्याने तीच सुधारली, तर दाखवायला दोन बाजू नसतात. मर्जटूल सुधारलेली ठेवायची की काढून टाकायची, एवढेच विचारते. उत्तर देण्यापूर्वी तो कोड काढून टाकला गेला की दुसऱ्या फाइलीत हलवला गेला, हे शोधणे भाग असते. हलवला असेल तर सुधारणा तिथे न्यावी लागते. चित्रे, ध्वनी अशा बायनरी फाइलींत दोनांपैकी एक निवडणे हाच मार्ग, म्हणूनच गिट एलएफएसमध्ये जुनी कुलुपाची पद्धत परत आलेली आहे. पॅकेजच्या लॉक फाइली यंत्राने लिहिलेल्या असतात, त्या हाताने जुळवत बसू नये. मूळ पॅकेज फाइलीतला कॉन्फ्लिक्ट सोडवून लॉक फाइल पुन्हा तयार करून घ्यावी. सॉफ्टवेअरच्या मराठीकरणात वापरल्या जाणाऱ्या पीओ फाइलींनाही बव्हंशी हेच लागू आहे. त्यांतल्या प्रत्येक वाक्यावर मूळ कोडमधला ओळक्रमांक टिपणीत लिहिलेला असतो आणि कोड जरा हलला की शेकडो टिपण्या बदलतात. भाषांतराचा एक शब्दही न बदलता तिथे कॉन्फ्लिक्टचा ढीग पडतो.

दोन्ही बाजू दिसायला तंतोतंत सारख्या, तरी कॉन्फ्लिक्ट, हा प्रकार डोके खातो. कारण बहुधा ओळीच्या शेवटी दडलेले असते: विंडोज ओळ संपवायला दोन अदृश्य चिन्हे वापरते, लिनक्स आणि मॅक एक. मर्जच्या वेळी ‘रीनॉर्मलाइज’ हा पर्याय दिला तर हा फरक बाजूला पडू शकतो, आणि ‘गिटॲट्रिब्यूट्स’ फाइलीत नियम लिहून ठेवला तर पुन्हा उद्भवत नाही. मराठी मजकुरात आणखी एक कारण संभवते. ‘दुसऱ्या’ या शब्दातला आडवा रफार युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त वापरून, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. एकाचा कीबोर्ड पहिली रीत वापरत असेल आणि दुसऱ्याचा दुसरी, तर डोळ्यांना एकच दिसणारा शब्द गिटला दोन वेगळे शब्द वाटतात. इथे खिडक्यांचे सुंदर साधनही फारसे उपयोगी पडत नाही. बाइट दाखवणारा हेक्स व्ह्यूअर उघडावा लागतो.

मुळात ओळींवर चालणाऱ्या साधनांना प्रोग्रामची रचना कळत नाही. एकाने फंक्शन फाइलीत खाली हलवले आणि दुसऱ्याने ते जागच्या जागी सुधारले, तर मोठा आणि दिशाभूल करणारा कॉन्फ्लिक्ट येतो. स्पेनमधल्या कोदिसे सॉफ्टवेअरचे सिमँटिकमर्ज हे साधन कोडची रचना समजून मर्ज करू पाहत होते; ते आता बंद झाले आहे. २०२४ साली आलेले मर्जिराफ ट्री-सिटर या पार्सरच्या मदतीने तेच काम गिटच्या आत बसून करते. आयात केलेल्या मोड्यूलांच्या याद्यांसारखे, क्रमाला महत्त्व नसलेले भाग ते आपण होऊन जुळवते. पण वर्गणीचे ३६० रुपये त्यालाही काढता येणार नाहीत.

तोच कॉन्फ्लिक्ट पुन्हा पुन्हा सोडवावा लागणे हे लांब रिबेसचे दुखणे. त्यावर गिटमध्ये ‘रेरेरे’ नावाची सोय आहे. ती चालू केली, की सोडवलेला प्रत्येक कॉन्फ्लिक्ट आणि त्याचे उत्तर साठवून ठेवले जाते आणि तोच कॉन्फ्लिक्ट पुन्हा आला, की जुने उत्तर आपोआप लागू होते. पहिले उत्तर चुकीचे असेल तर चूकही तितक्याच इमानाने परत येते. अशी नोंद ‘रेरेरे फर्गेट’ने विसरायला लावता येते.

लिनक्स कर्नलमध्ये कॉन्फ्लिक्ट लपवायची रीत नाही. आपापल्या विभागाचे काम टोरव्हाल्ड्स यांच्याकडे पाठवण्याआधी मेंटेनरांनी केवळ कॉन्फ्लिक्ट टाळण्यासाठी मुख्य ब्रँच आपल्यात मर्ज करून घेऊ नये, असे कर्नलचे दस्तऐवज स्पष्ट सांगतात. अनेक विभागांचे मर्ज टोरव्हाल्ड्स स्वतः करतात. कुठे काय आदळते हे त्यांना पाहायचे असते. कॉन्फ्लिक्ट आधी कळावेत म्हणून २००८ साली स्टीफन रॉथवेल यांनी लिनक्स-नेक्स्ट हे झाड सुरू केले. त्यात शेकडो ब्रँच कामाच्या दिवसांत रोज एकत्र केल्या जातात आणि दोन विभाग एकमेकांच्या वाटेत आले, की दोन्ही मेंटेनरांना लगेच कळवले जाते.

कॉन्फ्लिक्ट सोडवताना खुणा खरोखर काढल्या का, हे गिट तपासत नाही. खुणांसकट फाइल ‘ॲड’ आणि कमिट करता येते आणि तशी ती झालेलीही असते. ‘गिट डिफ’ला ‘चेक’चा पर्याय दिला तर उरलेल्या खुणा दिसतात. गिटबरोबर येणाऱ्या नमुन्याच्या प्री-कमिट हुकमध्ये हीच तपासणी आहे, पण तो हुक मुळात बंद असतो.

खुणा नाहीत, कॉन्फ्लिक्टही आला नव्हता, तरी मर्ज चुकीचा असू शकतो. एकाने फंक्शनचे नाव बदलले आणि दुसऱ्याने दुसऱ्याच फाइलीत जुन्या नावाने त्याला हाक मारली, तर गिटला त्यात काही वावगे दिसत नाही. कंपायलर असेल तर तो ही चूक पकडतो. पण रक्कम रुपयांत देणारे फंक्शन एकाने पैशांत द्यायला लावले आणि दुसऱ्याने त्याच वेळी ते रुपये समजून नव्या ठिकाणी वापरले, तर कंपायलरही गप्प राहतो आणि बिल शंभरपट येते. अशा सिमँटिक कॉन्फ्लिक्टवर कोणत्याही मर्ज टूलची मात्रा चालत नाही. तिथे मर्ज झालेल्या कोडवर चाललेल्या टेस्टच कामी येतात; दोन ब्रँचवर स्वतंत्रपणे उत्तीर्ण झालेल्या टेस्ट पुरेशा नसतात. गिटहबने जुलै २०२३ मध्ये सर्वांसाठी खुली केलेली मर्ज क्यू याच कारणासाठी आहे: प्रत्येक बदल रांगेत आपल्या पुढच्या बदलांसह एकत्र करून तपासला जातो आणि मगच मुख्य ब्रँचमध्ये जातो. चार-पाच जणांच्या चमूला एवढी यंत्रणा लागत नाही. मर्ज केल्यावर, पुश करण्याआधी, सगळ्या टेस्ट एकदा चालवल्या तरी बहुतांश काम भागते.